परक्या खात्यातला आवाज

१

दादाने बटण दाबलं आणि भलताच माणूस बोलला.

"चहा गार झाला आहे," तो माणूस म्हणाला. गुळगुळीत, इस्त्री केलेला आवाज. विमान उशिरा येणार असल्याचं सांगतात तसा. दादाने फोनकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि तेच बटण पुन्हा दाबलं. पुन्हा तोच माणूस. मग त्याने फोन टेबलावर पालथा घातला आणि त्यानंतर दिवसभर कुणाशी म्हणून बोलला नाही.

वहिनीने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या दादाला आता स्वरयंत्र नाही. घशाच्या ऑपरेशनमध्ये ते काढून टाकावं लागलं. वहिनी स्पीच थेरपिस्ट. गेलेली वाचा परत आणणं हा तिचा पेशाच. ऑपरेशन ठरल्यावर रडत बसण्याऐवजी तिने दादाला खोलीत बसवलं आणि त्याच्याकडून शेकडो वाक्यं बोलून घेतली. 'भूक लागली', 'पंखा लाव', 'माझा चष्मा कुठे गेला', 'तुझं बरोबर आहे पण मी ऐकणार नाही'. त्यातूनच 'बोलकी पाटी' नावाचं ॲप जन्माला आलं. वाक्यावर बोट ठेवायचं, की ते वाक्य त्या माणसाच्या स्वतःच्या आवाजात ऐकू येतं. पुढे ज्यांचा ज्यांचा आवाज जाणार होता, ते सगळे वहिनीकडे येऊन आपला आवाज आधी तिथे ठेवून जाऊ लागले.

"सेटिंग बिघडलं असेल," मी म्हटलं.

"सेटिंग नाही गं. नवीन अपडेट आलंय. त्यात कुणाचाच स्वतःचा आवाज नाही, सगळ्यांना तो एकच गुळगुळ्या. मी अपडेट काढलंच नव्हतं, म्हणून खातं उघडून बघितलं." वहिनी थांबली. ती सहसा थांबत नाही. "वन्सं, माझ्या खात्यात ॲपच नाहीये. ते दुसऱ्याच एका कंपनीच्या नावावर दिसतंय."

मी बरीच वर्षं ॲप स्टोअरच्या तपासणी विभागात काढली. कुठलं ॲप पास करायचं आणि कुठलं परत पाठवायचं हे आम्ही ठरवायचो. मी इतकी परत पाठवायची की दादाने माझं नावच 'नापासबाई' ठेवलं. आता ती नोकरी नाही. ज्यांची खाती किंवा ॲप कुणीतरी ढापलीत अशांच्या बाजूने मी भांडते, आणि भांडणं मला आवडतं. पण घरच्या माणसासाठी भांडायची ही पहिलीच वेळ होती.

मी वहिनीला स्टोअरकडे तक्रार करायला लावली. उत्तर लगेच आलं. ॲपचं हस्तांतर नियमाप्रमाणे झालं आहे, असं त्यात लिहिलं होतं. खातेदाराने ते स्वतः मंजूर केलं होतं.

खातेदार म्हणजे माझी वहिनी.

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या दारात. क्लिनिक म्हणजे घराचाच पुढचा भाग. मोठा हॉल, गोलाकार खुर्च्या, भिंतीवर पांढरा फळा, फळ्याजवळ स्टुलावर जुना तारेचा फोन. फळ्यासमोर स्टँडवर कॅमेरा, कारण ज्यांना घराबाहेर पडता येत नाही ते पेशंट वर्ग पडद्यावर बघतात. आत एक गादी लावलेल्या भिंतींची रेकॉर्डिंगची खोली.

दादा कोपऱ्यात बसला होता. त्याच्या मांडीवर क्लिनिकचा जुना टॅब होता. त्याचं नेट कधीच बिघडलं होतं, म्हणून नवीन अपडेट त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मला बघून त्याने बोट टेकवलं.

"नापासबाई आल्या, दारं लावून घ्या."

त्याचाच आवाज. खर्जातला, थोडा खवचट. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"किती दिवस चालेल हा?" मी विचारलं. वहिनीने त्या कंपनीच्या वकिलाचं पत्र पुढे केलं. कंपनीचं म्हणणं असं की, 'आपल्या संस्थेच्या एका विश्वस्तांनी लेखी संमती दिलेली आहे', तेव्हा खातेदारबाईंनीही सोबतच्या कागदावर सही करून विषय मिटवावा. शुक्रवारनंतर ॲपच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या बंद होतील. म्हणजे टॅबवरचीही; तिच्या परवान्याची मुदत त्याच दिवशी संपत होती, नेट असो वा नसो. साठवलेले आवाज फक्त त्याच ॲपमधून उघडतात, आणि ॲप त्यांचं. शुक्रवारी माझा दादा दुसऱ्यांदा मुका होणार होता, आणि त्याच्याबरोबर आणखी कितीतरी जण.

"सही केलीस?"

"हात तोडून दिला तरी करणार नाही," वहिनी म्हणाली.

आमच्या धंद्यातला कायदा सांगायला सोपा आहे. ॲप ज्याच्या खात्यात, त्याचं. प्रोग्राम कुणी लिहिला, कल्पना कुणाची, घाम कुणाचा, याच्याशी स्टोअरला घेणंदेणं नाही. ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फक्त मूळ खातेदार पाठवू शकतो. त्याला दोन गोष्टी लागतात, पासवर्ड आणि नोंदवलेल्या नंबरवर येणारा सहा आकडी ओटीपी. तो ओटीपी काही मिनिटांत शिळा होतो.

पासवर्ड वहिनीखेरीज तिघांना ठाऊक होता. खातं उघडलं तेव्हा चौघंही याच हॉलमध्ये एका टेबलाभोवती बसली होती. प्रोग्राम लिहिणारा, ज्याला सगळे दाढी म्हणतात. वहिनीचा धाकटा भाऊ बारक्या, जो दारातून वाकून आत येतो आणि क्लिनिकचा व्यवहार बघतो. आणि दादाचं ऑपरेशन करणारे डॉक्टर. पुढे संस्था नोंदवली तेव्हा हे चौघंच विश्वस्त झाले. म्हणजे वहिनी सोडली तर चोर या तिघांतलाच एक, आणि तिघांनीही माझ्या दादासाठी काही ना काही केलेलं.

"हस्तांतर झालं त्या सकाळी तू कुठे होतीस?"

वहिनी वैतागूनच सांगू लागली. डॉक्टरांच्याच हॉस्पिटलात होती, दादाच्या तपासणीला. तारीख डॉक्टरांनीच दिली होती, पण आजवर कधी नाही ते त्यांनी ज्युनिअरला पाठवलं. बारक्या गाडी घेऊन खाली तळघरात थांबलेला. तिथे रेंज नाही, फोन लागेना, शेवटी हिलाच जिने उतरून त्याला शोधावं लागलं. मोबाइल पूर्णवेळ हिच्या हातात, आणि ओटीपीचा मेसेज आलेला नाही.

"वर्ग बंद होता?"

"छे, माझ्यावाचून काही अडत नाही त्यांचं. ड्रायव्हरकाका म्हणून एक पेशंट आहेत ना, त्यांची बायको, आमच्या काकू, घेतात वर्ग. तेही एक कोडंच आहे बघ. त्या दिवसापासून ड्रायव्हरकाका माझ्याशी बोलायचे बंद झालेत. मी काय घोडं मारलंय त्यांचं कळत नाही."

तेव्हा मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. मला ओटीपी छळत होता. मेसेज आला नाही, मग ओटीपी गेला कुठे?

३

दाढी रेकॉर्डिंगच्या खोलीत सापडला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, पहिला संशय माझ्यावरच ना? घ्या तपासून."

संशय घेण्यासारखं होतंच. ॲप त्याने लिहिलं, पण स्टोअरमध्ये नाव वहिनीचं. त्यावरून दोघांची मागे खडाजंगी झालेली मला माहीत होती. त्याने नाकारलं नाही. नाव पाहिजेच होतं, म्हणाला, आणि अजूनही पाहिजे. पण त्या सकाळी तो याच खोलीत एका बाईंचा आवाज साठवत होता. त्यांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. त्याने मला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. सकाळभराचं, कुठेही न तोडलेलं, आणि दर वाक्यागणिक दाढीचा आवाज. "पाणी प्या." "घाई नाही." "हे नातवासाठी आहे ना, मग हसत म्हणा." ऐकताना मलाच अवघडल्यासारखं झालं. बाहेर फोन वाजला असता तरी त्या खोलीत कळलं नसतं.

"ओटीपी कुठल्या नंबरवर येतो रे?"

"बारक्याला विचारा. ते खातं त्याच्याकडे."

बारक्या मला बघून उभा राहिला आणि ट्यूबलाइटला डोकं आपटलं. कंपनीशी बोलणी केल्याचं त्याने विचारण्याआधीच कबूल केलं. मोठ्या माणसांच्या हाती दिलं तर ॲप वाढेल असं त्याला वाटत होतं. ताईने झापलं, विषय संपला. विकायचं असतं तर वाजत गाजत विकलं असतं, चोरून कशाला, असं त्याचं म्हणणं.

"आणि ओटीपी ताईच्या मोबाइलवरच येतो," तो ठामपणे म्हणाला. "मीच नंबर बदललाय. आधी हा तारेचा फोन दिलेला होता."

"आधी म्हणजे?"

खातं उघडायच्या दिवशी दादा हॉस्पिटलात होता आणि वहिनीचा मोबाइल त्याच्या उशाशी ठेवलेला. म्हणून तेव्हा हॉलमधल्या फोनचा नंबर दिला. अशा फोनवर मेसेज येत नाही, पण स्टोअर फोन करतं आणि यंत्रातली बाई आकडे वाचून दाखवते. त्या दिवशी डॉक्टरांनी फोन घेतला, आकडे मोठ्याने सांगितले, दाढीने ते टाइप केले आणि सगळ्यांनी चहा घेतला.

मी बारक्याला खातं उघडायला लावलं. बघितलं आणि कपाळावर हात मारला. त्याने नंबर बदलला होता खरा, पण संपर्काच्या पानावर. ओटीपीचा नंबर वेगळ्या पानावर असतो. ही चूक मी शंभर जणांना करताना पाहिलीय. तिथे अजूनही तोच जुना नंबर होता.

म्हणजे त्या सकाळी ओटीपी आला होता. याच हॉलमध्ये, त्या स्टुलावरच्या फोनवर. भरल्या वर्गात, सगळ्यांसमोर.

४

डॉक्टरांची केबिन त्यांच्यासारखीच नीटनेटकी होती. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, दादाची चौकशी केली. या माणसाने माझ्या दादाला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. त्यांच्यासमोर उलटतपासणी घ्यायची म्हणजे मलाच चोरट्यासारखं वाटत होतं.

त्या सकाळी आपण इथेच होतो, ते म्हणाले. कामाचा ढीग होता म्हणून तुमच्या दादाला ज्युनिअरने बघितलं, त्याबद्दल वहिनींची माफी मागायची आहे. क्लिनिकला महिनाभर जाणं झालेलं नाही. चोरी कुणी केली ते सांगता येणार नाही, मात्र जे झालं त्याचा इतका त्रास करून घेऊ नये.

"एकदा शांतपणे विचार करा," ते म्हणाले. "मोठी कंपनी आहे. जगभर पोचेल. पेशंटला बोलता येण्याशी मतलब. आवाज कुणाचा, हा हट्ट झाला."

"डॉक्टर, उद्यापासून तुमच्या तोंडून माझ्या जुन्या साहेबांचा आवाज यायला लागला तर चालेल तुम्हाला?"

ते हसले. राग त्यांना येत नसावा. माझा मात्र तिळपापड झाला होता. निघताना ते दारापर्यंत आले.

"वहिनींच्या कामाबद्दल मला फार आदर आहे हं. ते ड्रायव्हर बघा. पक्षाघातानंतर स्वतःचं नाव घेता येत नव्हतं त्यांना. आणि परवा फोनवर सहाच्या सहा आकडे न चुकता म्हणाले. मी तर याला चमत्कार म्हणतो."

मी मान डोलावली आणि बाहेर पडले. जिना अर्धा उतरल्यावर माझे पाय आपोआप थांबले.

सहा आकडे. फोनवर.

५

ड्रायव्हरकाका वर्गात भिंतीकडे तोंड करून बसले होते. आयुष्यभर बस चालवली, आणि एका सकाळी अर्धं अंग आणि सगळे शब्द एकदम गेले. अंग बरंचसं परत आलं. शब्द अजून एकेक करून येतात, आणि आकडे सगळ्यांत शेवटी.

मी काकूंना बाजूला घेतलं. "काकू, काका वहिनीवर का रुसलेत?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान जोरात हलवली. काकूंनी त्याला जुमानलं नाही.

तोवर मला वहिनीच्या वर्गाची रीत माहीत नव्हती. तिच्या मते माणूस घाबरतो तो फोनला. समोर चेहरा नसतो, वेळ मिळत नाही. म्हणून वर्गात रोज फोनचा सराव. वहिनी आतल्या खोलीतून मोबाइलवरून हॉलमधला फोन लावते, कधी कुरियरवाली होऊन, कधी बँकेतली बाई होऊन, आवाज बदलून. ज्याची पाळी असेल त्याने फोन उचलायचा आणि पलीकडचं माणूस जे सांगेल ते मोठ्याने परत म्हणायचं. काकू ते फळ्यावर लिहितात, म्हणजे घरून बघणाऱ्यांनाही वाचता येतं.

जगात सगळीकडे लोकांना बजावून सांगतात की फोनवर आलेला आकडा कुणाला सांगू नका. हा एकच हॉल असा होता जिथे तो मोठ्याने म्हणून दाखवल्यावर टाळ्या मिळत होत्या.

"त्या दिवशी वहिनी नव्हत्या," काकू सांगू लागल्या. "तरी फोन वाजला. ह्यांची पाळी. कुणीतरी बाई, यंत्रासारखं बोलत होती. आम्हाला वाटलं, वहिनींनी हॉस्पिटलातून लावला असणार, काय बाई सोंगं करतात. आणि हे म्हणाले की सगळे! सहाच्या सहा. एवढे महिने तीनच्या पुढे गाडी जात नव्हती. मी मोठ्ठे करून फळ्यावर लिहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावरच्यांनीसुद्धा."

"आणि वहिनी परत आली..."

"आल्या, आणि एका शब्दाने विचारलं नाही. ह्यांना वाटलं, ऐकूनही त्यांनी शाबासकी दिली नाही. मला बजावलं, कुणाला सांगायचं नाही. मागून घेतलेली शाबासकी नको म्हणतात. वर्गातल्या सगळ्यांनाही गप्प केलंय त्यांनी."

"कुणी बाहेर बोललं असेल?"

"इथे कोण बोलतंय, ताई?" काकू म्हणाल्या, आणि आम्ही दोघी नको त्या वेळी हसलो. तरीही मी एकेकाला विचारलं. कुणाची मान हलली, कुणाचा हात. डॉक्टर त्या दिवसानंतर कुणालाच भेटलेले नव्हते.

"पडद्यावर कोण कोण होतं, काकू?"

घरून बघणारे नेहमीचे चेहरे, त्या म्हणाल्या. आणि एक काळा चौकोन जास्त होता, कॅमेरा बंद केलेला. टाळ्या झाल्या तेव्हा त्यातूनही टाळीची निशाणी वर आली होती. मग तो लगेच नाहीसा झाला.

वर्गाची लिंक पेशंटखेरीज फक्त विश्वस्तांकडे होती.

मला चोर सापडला होता. आता पुरावा म्हणून माझ्याकडे होता एक माणूस, ज्याला बोलता येत नाही असं सगळं जग धरून चाललं होतं.

६

शुक्रवारी सकाळी स्टोअरने सुनावणी ठेवली. मी ती भांडून मिळवली होती. हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर एका चौकोनात माझे जुने साहेब, जे मला नेहमी 'बाई, जरा कमी नापास करा' म्हणायचे. दुसऱ्यात कंपनीचा वकील. बाकीच्या चौकोनांत घरून बघणारे पेशंट. हॉलमध्ये पूर्ण वर्ग, वहिनी, दादा, दाढी, बारक्या. आणि डॉक्टर. विश्वस्त म्हणून ते आले होते आणि पुढच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसले होते.

वकिलाने मुद्दा एका दमात मांडला. पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, शिवाय विश्वस्त डॉक्टरांचं संस्थेच्या वतीने संमतीपत्र. वहिनीने डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले की मत विचारलं म्हणून पत्र दिलं, ते काही लपवलेलं नाही. मात्र हस्तांतराशी आपला संबंध नाही, ओटीपी काही आपल्याकडे येत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "त्या दिवशी ओटीपी जसा पाठवला गेला, तसाच आत्ता पाठवा."

साहेबांनी नोंद बघितली. "मेसेज नव्हता. व्हॉइस कॉल होता." त्यांनी कळ दाबली.

स्टुलावरचा फोन वाजला.

ड्रायव्हरकाका उठले. आदल्या दिवशी मी त्यांना सगळं समजावलं होतं. वहिनीला मात्र आधी काही सांगू नकोस, अशी खूण त्यांनी केली होती. चोराने आपल्या तोंडून काम करून घेतलं, हे त्यांना डागासारखं झोंबलं असावं. आता त्यांनी फोन कानाला लावला. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

"चार," ते म्हणाले. काकूंनी लिहिलं. "नऊ. शून्य." मग थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. वकिलाने घड्याळात बघितलं. मला त्या वकिलाचा गळा धरावासा वाटला. काकांनी मोकळ्या हाताची मूठ मांडीवर आपटली. "सात. दोन." आणि शेवटचा, बस डेपोत लावावी तसा सावकाश, "सहा."

साहेब आपल्यासमोरच्या आकड्यांकडे आणि मग आमच्या फळ्याकडे बघत राहिले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. "हाच ओटीपी आहे," ते म्हणाले.

वहिनीला तेव्हा सगळं एकदम कळलं. ती सुनावणी वगैरे विसरून काकांजवळ गेली. "त्या दिवशी मी नव्हते हो फोनवर," ती म्हणाली. "असते तर नाचले असते."

मी बाकीचं सांगून टाकलं. त्या सकाळी फळा वर्गाला दिसत होता, किंवा पडद्यावरून बघणाऱ्याला. पासवर्ड जाणणारे तिघं. दाढी गादीच्या खोलीत होता, त्याचा आवाज सकाळभर रेकॉर्ड झालाय. बारक्या रेंज नसलेल्या तळघरात होता, आणि ओटीपी मोबाइलवर जातो अशी त्याची ठाम समजूत होती. उरला तो, ज्याने खातं उघडताना पहिला ओटीपी याच फोनवर ऐकला होता, ज्याने वहिनीला त्याच सकाळची तारीख दिली आणि स्वतः मात्र तपासायला आला नाही. वर्ग महिनाभर न बघता ज्याला ड्रायव्हरकाकांचे सहा आकडे ठाऊक होते.

"वर्गातल्या कुणीतरी सांगितलं असेल मला," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "नेमकं आठवत नाही."

कुणीही सांगितलं नव्हतं, पण ते सिद्ध करायला वर्गातल्या हललेल्या मानांखेरीज माझ्याकडे काही उरलं नव्हतं. तेवढ्यात ड्रायव्हरकाका डॉक्टरांच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. कित्येक दिवस मनात ठेवलेला प्रश्न होता.

"डॉक्टर," ते म्हणाले. "तुम्ही... ऐकलं? मला?"

डॉक्टरांनी नजर वळवली. काका तिथून हलले नाहीत.

"सगळे... बरोबर?"

माझ्या प्रश्नाला हा माणूस वर्षभर उत्तर देत राहिला असता. पण समोर त्यांचा पेशंट उभा होता आणि शाबासकी मागत होता. डॉक्टरांचा पायावरचा पाय खाली आला.

"ऐकलं," ते म्हणाले. "सगळे बरोबर होते. मला खरंच आनंद झाला होता."

मग डॉक्टरच बोलू लागले, आणि आता त्यांचा आवाज चढला. कंपनी त्यांच्या हॉस्पिटलात मोठा विभाग काढून देणार होती. हे ॲप जगभर गेलं असतं. आणि तुम्ही ते या वीस खुर्च्यांत अडवून बसलात, एका माणसाच्या खवचट वाक्यांसाठी. "या माणसाचा जीव मी वाचवलाय," ते म्हणाले.

"वाचवलात," वहिनी म्हणाली. "त्याचे उपकार मरेपर्यंत फिटणार नाहीत. पण आवाज तुम्ही दिलेला नव्हता. तो त्याचा होता."

वकिलाला भावनांशी कर्तव्य नव्हतं. ओटीपी कसाही टाकला गेलेला असो, संस्थेच्या विश्वस्ताचं पत्र आहेच, आणि ॲप संस्थेचं आहे, असं तो म्हणाला.

याचीच मी वाट बघत होते. "साहेब, खात्याचा प्रकार वाचा."

साहेबांनी वाचला. वैयक्तिक. खातं उघडलं तेव्हा संस्था नोंदवलेलीच नव्हती. वहिनीने ते स्वतःच्या नावावर काढलं होतं आणि नंतर बदलायचं राहून गेलं. संस्थेच्या खात्यात संस्थेचा अधिकृत माणूस बोलू शकतो. व्यक्तीच्या खात्यात ती व्यक्ती सोडून कुणालाही बोलायचा हक्क नाही, मग तो विश्वस्त असो, सर्जन असो की आणखी कुणी. आमच्या आळसाने आम्हाला वाचवलं, हे मी तिथे बोलले नाही.

"म्हणजे प्रश्न एकाच व्यक्तीला विचारायचा," साहेब म्हणाले. "बाई, झालेलं हस्तांतर तुम्हाला मान्य आहे का? असेल तर ते कायम राहील. नसेल तर ॲप आजच तुमच्या खात्यात परत येईल, आणि ज्यांनी ते घेतलं त्यांच्या खात्याची चौकशी होईल."

वहिनीने दादाकडे बघितलं आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "नाही."

कोपऱ्यात दादाने टॅबवर बोट टेकवलं. त्या शब्दाची गोष्ट मला माहीत होती. ऑपरेशनच्या आधी वहिनीने त्याच्याकडून 'हो' पाच-सहा तऱ्हांनी म्हणून घेतलं होतं. 'नाही'ची पाळी आली तेव्हा तो वैतागलेला होता. त्याने एकदाच म्हटलं, खच्चून. वहिनी म्हणाली, जरा सौम्य म्हण. तो म्हणाला, माझं 'नाही' असंच असतं.

"नाही!" दादा गरजला.

पडद्यावरचा वकील दचकला. मग ड्रायव्हरकाका वळले. तो शब्द त्यांना सहज आला. "नाही." काकू म्हणाल्या. दाढी म्हणाला. बारक्याने उभं राहून म्हटलं आणि पुन्हा ट्यूबलाइटला धडकला. ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांनी मान हलवली, तळहात आडवा धरला, खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटली. मग पडद्यावरचे चौकोन एकेक करून उघडू लागले. एक आजोबा, एक तरुण मुलगी, नाकात नळी असलेले एक गृहस्थ. प्रत्येकजण आपापल्या परीने तेच सांगत होता. डॉक्टर उठून दाराकडे गेले तेव्हाही ते चालूच होतं.

सगळं शांत झाल्यावर साहेबांनी घसा साफ केला. "बाई, खातेदाराचं एकच 'नाही' पुरेसं होतं."

"माहीत आहे, साहेब," मी म्हटलं. "पण ते सगळ्यांचंच होतं."

साहेबांनी कळ दाबली. वहिनीने खातं उघडून बघितलं आणि मान डोलावली. बारक्या लगेच ओटीपीचा नंबर बदलायला बसला, या वेळी योग्य पानावर, दाढी खांद्यावरून बघत असताना. स्टुलावरचा फोन मात्र कुणी हलवला नाही.

दादाने सगळ्यांकडे एकदा बघितलं. काम झालं होतं, कुणी काही विचारलंही नव्हतं. तरी त्याने 'नाही'चं बटण पुन्हा एकदा दाबलं.